पाहुण्याच्या नावावरचा दुसरा नंबर

मोबाइलच्या दुकानात कुणी परदेशी माणूस पासपोर्ट हातात धरून उभा दिसला की ती घटना आजही आठवते, आणि माझं लक्ष आपोआप दुकानदाराच्या हातांकडे जातं.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झाले आहे असं सांगितलं की लोक माझ्या वयाकडे बघून हसतात. काही वर्षं उपनिरीक्षक म्हणून काम केलं आणि नोकरी सोडली. कारण घरगुती होतं, ते इथे सांगत नाही. या लेखात कुणाचंच नाव येणार नाही. ठाणं लालबाग-परळ भागातलं होतं, एवढं पुरे.

मी मुळात कमी बोलणारी. वाढले फणसवाडीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. ठाण्यात माझ्या पाठीमागे मला 'कॉन्व्हेंट' म्हणत, आणि मला ते ऐकू येत असे. पण चौकशीच्या खोलीत गप्प बसण्याचा फायदाही होतो. समोरच्याला शांतता सोसत नाही. ती भरून काढायला तो काहीतरी बोलतो, आणि बहुतेक वेळा नको ते बोलून जातो.

नवरात्र चालू होतं. निम्मं ठाणं देवीच्या मंडपांच्या बंदोबस्ताला गेलेलं. अशा वेळी एक गृहस्थ बायको आणि मुलीला घेऊन आले. लालबागच्या चाळीत राहणारं कुटुंब. मुलगी दादरला बालवाडीत शिकवायची. साखरपुडा झालेला, मुलगा गिरगावातला. आणि आता मुलाच्या वडिलांना आणि थोरल्या भावाला एका अनोळखी नंबरवरून इंग्रजीत मेसेज येऊ लागले होते. या मुलीचं माझ्याशी नातं आहे, हे लग्न केलंत तर पस्तावाल, शाळा सुटल्यावर ती कुठे जाते ते तिला विचारा, असे. मुलाकडच्यांनी हॉलचं बुकिंग थांबवलं होतं.

"मॅडम, माझ्या पोरीचं नाव खराब केलं त्यानं," वडील टेबलावर हात आपटून म्हणाले. "कोण आहे तो शोधा. नाहीतर मी शोधतो, मग तुम्ही मला आत घाला."

"अहो, हळू. ठाणं आहे हे," बायको म्हणाली.

"ठाणं आहे म्हणूनच बोलतोय!"

ठाणे अंमलदारांनी तक्रार लिहून घेतली. वडील सांगत होते, ते लिहीत होते. मुलीला विचारलं, तुम्हाला कुणावर संशय? तिनं मान हलवली. तिच्या जबाबात नेहमीप्रमाणे एक ओळ गेली की वडील सांगतात ते बरोबर आहे. तिनं सही केली. अशा हजारो ओळी ठाण्याठाण्यांत रोज लिहिल्या जातात.

नंबर कुणाच्या नावावर आहे हे विचारणारं पत्र कंपनीला गेलं. उत्तर यायच्या आतच खबर आली. एका मंडळाचा कार्यकर्ता, कपाळावर गुलाल, आत येऊन खुर्चीवर ऐसपैस बसला.

"मॅडम, ते लग्नाचं मॅटर आहे ना? आमच्या चाळीत एक फॉरेनर राहतो. एकदम डेंजर. उशिरापर्यंत गॅलरीत फोनवर बोलत फेऱ्या मारतो. आमच्या लेडीज लोकांना दरवाजा उघडा ठेवता येत नाय."

"त्यानं कुणाला काही केलं?"

"केलं नाय. पण करेल ना!"

संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं आणि कार्यकर्ता खरा ठरला. नंबर एका परदेशी नागरिकाच्या नावावर होता. पासपोर्टवरचा फोटो, व्हिसा, आणि पत्ता त्याच चाळीतला. मुलीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे.

परळच्या मोठ्या दवाखान्यांमुळे आमच्या भागातल्या चाळींत पेशंटच्या नातेवाइकांना खोल्या भाड्यानं दिल्या जातात. हा माणूस पूर्व आफ्रिकेतून आजारी मुलीला घेऊन आलेला. त्याची घरमालकीण त्याला 'पाहुणो' म्हणायची, म्हणून मीही इथे त्याला पाहुणाच म्हणते. आम्ही गेलो तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"बाय माझे, तो माणूस तसलो नाय गो. सकाळी उठान हॉस्पिटलात जाता, अंधार पडल्यावर येता. फोनार बोलता तो बायलेशी बोलता. तिकडे घड्याळ मागे असता, तेका तो काय करतलो?"

पाहुणा दवाखान्यातच सापडला. मुलीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, मोठ्या काचेमागे. तो बाहेर स्टुलावर बसून काचेवर बोटानं काहीतरी काढून तिला दाखवत होता. आमच्या शिपायानं त्याचा दंड धरला. मी सोडायला सांगितलं, पण तेवढ्यात आतल्या पोरीनं ते पाहिलं होतं. आठेक वर्षांची असेल. डोक्यावर केस नव्हते. ती रडली नाही. बापाला कॉरिडॉरच्या टोकापर्यंत पाहत राहिली.

ठाण्यात वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, आज तुमच्या कॉन्व्हेंटचा उपयोग होऊ दे. विचारा त्याला, मुलगी कशी पटवली."

पाहुण्याचं इंग्रजी शाळेत शिकलेलं, सावकाश होतं. मी मेसेज दाखवले. त्यानं प्रत्येक शब्दावर बोट ठेवत वाचले.

"हे मी लिहिले नाहीत. हा माझा नंबर नाही."

"तुमच्याच नावावर आहे."

"माझा एकच नंबर आहे. तो मिळवायला मला किती दिवस लागले ते तुम्हाला सांगू?"

मी काही बोलले नाही. तो सांगू लागला.

"विमानतळावर उतरलो आणि माझा घरचा नंबर बंद पडला. दवाखान्याच्या पहिल्याच खिडकीवर म्हणाले, इथला नंबर सांगा. नंबर नाही तर पेपर पुढे जात नाही. टॅक्सीवाला नंबर मागतो. औषधाच्या दुकानात नंबर मागतात. मी नंबर विकत घ्यायला गेलो तर म्हणाले, आधार. मी पासपोर्ट दाखवला. म्हणाले, इथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचा नंबर द्या, त्यावर कोड येईल. मॅडम, मी इथे कुणाला ओळखतो? नंबर असता तर कुणाची तरी ओळख झाली असती." त्यानं तळहात उघडे करून टेबलावर ठेवले. "परळच्या दोन दुकानांतून परत पाठवलं. दादरच्या मोठ्या दुकानात म्हणाले, सिस्टिम परदेशी माणूस घेत नाही. मग घराची आई माझ्याबरोबर आली. तिनं स्वतःचा नंबर दिला, तेव्हा लालबागच्या दुकानदारानं प्रीपेड सिम दिलं."

"एक की दोन?"

"एक. फोटो मात्र दोनदा काढला. पहिला हलला म्हणाला. मग टोपी काढायला लावली आणि दुसरा काढला."

मला ते फार सोयीचं वाटलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला सगळ्यांचाच संशय येत होता. पाहुण्याचा, घरमालकिणीचा, त्या कार्यकर्त्याचा. मेसेजचं इंग्रजी सफाईदार, याचं तोडकं, म्हणून हा निर्दोष, हे मानायला मी तयार नव्हते. वरिष्ठ म्हणाले तेही बरोबर होतं, "आजकाल मोबाइलच सगळं लिहून देतो." त्यांनी पाहुण्याच्या नावावरचे सगळे नंबर बंद करण्याचं पत्र तयार करायला सांगितलं. फोन जप्त करून माझ्या टेबलावर ठेवला होता.

मी पत्राचा मसुदा वाचत असताना तो फोन वाजला. मी उचलला. दवाखान्यातून बोलत होते.

"उद्या सकाळी दात्यानं दाखल व्हायचंय. हे मुलीचे वडीलच ना?"

मी माझी ओळख सांगितली. ते बेड्यांत नाहीत, पण आमच्याकडे आहेत, म्हटलं.

"ते उद्या आले नाहीत तर?" मी विचारलं.

"मॅडम, मुलीची औषधं सुरू झालीत. तिच्या शरीरात रक्त तयार होणं आम्हीच थांबवलंय. आता वडिलांची अस्थिमज्जा तिला मिळाली नाही, तर मागे फिरायला रस्ता नाही."

मी पत्र घेऊन वरिष्ठांकडे गेले. नंबर बंद करू नका, फोन परत द्या, एक शिपाई सोबत देऊन त्याला दाखल होऊ द्या, असं मी म्हटलं. एवढं मी त्यांच्यासमोर पूर्वी कधी बोलले नव्हते.

"आणि विमानात बसून गेला, तर तुमच्या कॉन्व्हेंटला जाऊन विचारू का, कुठे गेला म्हणून?"

"सर, पोर इथे काचेमागे आहे. तो जाणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दवाखान्यातलं काम झालं की थेट ठाण्यात. मग अटक, आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला रिपोर्ट. पत्र इथेच ठेवतोय, फाडत नाही."

अटक झाली की त्याचा व्हिसा अडकणार आणि मुलीला इथे दुसरं कुणी नव्हतं. माझ्या हातात वेळ होता तो त्याच्या दवाखान्यातल्या मुक्कामाएवढा.

मेसेज कुठल्या हँडसेटमधून गेले याचा तपशील यायला अजून अवकाश होता. टॉवर एकच, आणि त्या टॉवरखाली अर्धं लालबाग. मी दोन्ही नंबरांची माहिती शेजारी शेजारी ठेवून बसले. दोन्ही एकाच दिवशी चालू झालेले. पाहुण्याचा खरा नंबर लगेच बोलू लागला होता. दवाखाना, औषधवाला, परदेशातली बायको. दुसरा नुसता पडून होता. एक फोन नाही, एक मेसेज नाही. मग एका सकाळी त्यावरून पहिला मेसेज गेला आणि त्यानंतर तो रोज चालू राहिला.

ती सकाळ घटस्थापनेची होती.

माझ्या चपलेचा अंगठा त्याआधीच तुटला होता. नवी घेते म्हटलं तर आईनं घेऊ दिली नव्हती. पितृपक्ष आहे, शिवून आण, नवीन काही आणायचं नाही. मी चिडून चिडून शिवलेली चप्पल घालून ड्यूटीवर येत होते. आता मी त्या तारखेकडे बघत राहिले. आफ्रिकेतून आलेल्या माणसाला पितृपक्ष कधी संपतो हे कसं कळणार? हे काम आमच्यातल्याच कुणाचं होतं. दुसऱ्याचं लग्न मोडायला निघालेल्या या माणसाला पितृपक्षात नवीन सिम घालण्याचं मात्र धाडस झालं नव्हतं.

हे मी आमच्या हवालदार मामांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "मॅडम, आमच्याकडे एक घरफोड्या होता, अमावास्येला घराबाहेर पडत नसे. आम्ही त्या रात्री निवांत झोपायचो."

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन सिमच्या दुकानात गेले. दुकानदार तोंडानं फार गोड. खुर्ची पुसली, चहा मागवला, आपल्याकडे सगळं कायद्यानं चालतं म्हणाला. मी बसून राहिले. तो अजून बोलला. मी बसून राहिले.

"धंदाच कुठे आहे मॅडम? पितृपक्षात तर माशा मारत होतो. कोण नवीन सिम घेतो? कंपनीला मात्र महिन्याचं टार्गेट पाहिजे. त्यांना पितर नाहीत!"

"मग टार्गेट झालं?" मी विचारलं.

तो थांबला. मामा म्हणाले, "बोल की. आत्तापर्यंत रेडिओ चालू होता."

"झालं... म्हणजे, थोडं राहिलं."

"पितृपक्षात तुझ्याकडे कोण आलं? ज्यांना पितृपक्ष नाही तेच ना?" मी म्हटलं. "फोटो दोनदा काढलास. घरमालकीण समोर उभी होती. तिच्या नंबरवर कोड दोनदा आला, तिला सांगितलंस की पहिला चुकला."

ती कोडची गोष्ट मी अंदाजानं बोलले होते. दुकानदारानं सगळं कबूल केलं. पाहुण्याच्या कागदांवर दुसरं सिम चालू करून त्यानं ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. नंतर एक बाई आली, तोंडाला ओढणी बांधलेली. आजीला सिम हवंय, तिचं आधार गावी राहिलंय, म्हणाली. त्यानं ते विकलं.

"म्हातारी होती की तरुण?"

"तरुण. मी म्हटलं, लावून बघा चालतंय का. ती म्हणाली, आत्ता नको."

लग्नाची बोलणी पितृपक्षात थांबतात आणि घटस्थापनेला पुन्हा सुरू होतात. मेसेजही तेव्हाच सुरू झाले. म्हणजे बाई घरातली किंवा घराच्या अगदी जवळची. मुलीच्या आत्याचं वडिलांशी बोलणं बंद होतं, तिच्यावर माझा पहिला संशय. मी घरातल्या बायकांना एकेकटं बोलावलं. आत्या आल्या त्या भांडायच्या तयारीनंच आल्या.

"माझ्या भावाशी माझं पटत नाही, मॅडम, पण भाचीचं वाईट करायला मी कशाला जाऊ? आणि मला इंग्रजीत मेसेज लिहिता येत असते तर भावाला पाठवले नसते का चांगले?"

मी मुलीला बोलावलं तेव्हा वडील तिच्याबरोबर आत येऊ लागले.

"तिला एकटीला कशाला? ती काय सांगणार? मी सांगतो ना काय ते."

मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली. मी काही विचारलं नाही, नेहमीप्रमाणे. तीही बोलली नाही. पंखा फिरत राहिला. माझ्यासमोर माझ्याइतकं गप्प बसणारं कुणी पहिल्यांदाच आलं होतं. शेवटी मलाच बोलावं लागलं. मी तिला मेसेजविषयी विचारलं नाही. काचेमागच्या पोरीविषयी सांगितलं. तिचं रक्त तयार होणं थांबवलंय हे सांगितलं. तिचा बाप आज दाता म्हणून दाखल आहे, बाहेर शिपाई बसलाय, आणि हे संपलं की त्याला अटक होणार, कारण तो नंबर त्याच्या नावावर आहे.

"पण तो नंबर कुणाचाच नाही म्हणाला होता," मुलगी म्हणाली.

मग तिनं तोंडावर हात ठेवला. थोड्या वेळानं तो हात तिनं स्वतःच काढला.

"कोण म्हणाला?" मी विचारलं.

"दुकानदार. मी विचारलं होतं, कुणाला त्रास नाही ना होणार? तो म्हणाला, कंपनीचा रिकामा नंबर आहे."

"दुसरा कुणी आहे का तुझ्या मनात?"

"नाही. कुणीच नाही. तेच तर घरात कुणाला पटलं नसतं. कुणी असता तर निदान भांडण झालं असतं. मला फक्त... आत्ता नकोय लग्न. मला पुढे शिकायचंय."

"घरी सांगितलंस?"

"सांगायची वेळच कुठे आली, मॅडम? सगळं ठरतच गेलं. मला साडीचा रंग तेवढा विचारला."

"आणि सिम पितृपक्षात का नाही घातलंस?"

तिनं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "नवीन होतं ना ते..." आणि आपण काय बोललो हे कळून तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली.

बाहेर वडिलांना तिनंच सांगितलं, मी दारात उभी होते. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते बाकावर बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून पुन्हा घालत राहिले. आई एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचंस गं."

दुकानदारावर गुन्हा दाखल झाला. मुलीनं त्याच्याविरुद्ध सविस्तर जबाब दिला, स्वतःला न वाचवता. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं आणि पुढे कुठलीही तक्रार नको म्हणून लिहून दिलं. वरिष्ठांनी तिला समज देऊन साक्षीदार केलं आणि नंबर बंद करण्याचं ते पत्र माझ्या हातात ठेवलं. "फाडा तुम्हीच," म्हणाले. अर्थात शाळेत, चाळीत सगळं कळलं. वडील तिच्याशी कित्येक महिने बोलले नाहीत. केलेल्या चुकीची शिक्षा कुठल्या ना कुठल्या रूपानं होतेच, ती तिला झाली.

पाहुण्याला भेटून माफी मागायची म्हणून ती माझ्या मागे लागली. मी तिला दवाखान्यात नेलं. तो त्याच स्टुलावर बसला होता, हाताला पट्टी. तिनं सगळं सांगितलं, इंग्रजीत, पाठ केल्यासारखं. त्यानं ऐकून घेतलं. क्षमा केली असं तो म्हणाला नाही. तो काचेकडे बोट करून म्हणाला, "पोलिसांनी मला नेलं ते तिनं पाहिलं. मी काही केलं नाही हे मी तिला सांगितलंय, पण मी तिचा बाप आहे. तुम्ही सांगा."

त्यानं खिशातून आपला फोन काढला, आतल्या परिचारिकेला लावला आणि शिक्षिकेच्या हातात दिला. परिचारिकेनं तिचा फोन पोरीच्या कानाशी धरला. पोर काचेतून आमच्याकडे पाहत होती. बालवाडीतल्या मुलांशी बोलतात तशा सोप्या इंग्रजीत शिक्षिका म्हणाली, "तुझ्या बाबांनी काही वाईट केलं नाही. वाईट मी केलं. पोलिसांना चुकून वाटलं की त्यांनी केलं."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"काय म्हणाली?" मी हळूच विचारलं.

"म्हणते, मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तिनं फोन तसाच कानाला धरला. मग काचेकडे बघत म्हणाली, "मला बोलायची भीती वाटते. आता सांगते आहे."

आतल्या पोरीनं मान डोलावली, आणि मग बापाकडे पाहिलं.

त्या प्रकरणानंतर मी कुठल्याही बाईचा जबाब घरच्या माणसासमोर घेतला नाही, आणि 'वडील सांगतात ते बरोबर आहे' ही ओळ माझ्या हातून पुन्हा कागदावर गेली नाही. संशय घेणं हे पोलिसाचं कामच आहे. पण आम्ही तो आधी त्याच्यावर घेतो ज्याच्यासाठी बोलायला गावात कुणी नसतं. आणि जिच्या वतीनं सगळं घर बोलत असतं, तिला आम्ही काही विचारतच नाही. त्या दोघांपैकी एकाला मोठ्या मुश्किलीनं एक नंबर मिळाला होता. दुसरीकडे फोन होता, शाळा होती, घर होतं, आणि एक वाक्य बोलायला तिला शेवटी एका परक्या पोरीच्या समोर उभं राहावं लागलं.